ताईंचे उपकार, ताईंची परवानगी

आदरणीय मावशी, सलाम.

मी सत्तावीस वर्षांची आहे, मूळची मिरजेकडची, पुण्यात एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. चार वर्षांपूर्वी पप्पा गेले तेव्हा मी पार खचले होते. आमच्या फेलोशिपमधल्या एका ताईंनी मला सावरलं. नाइट ड्यूटी संपवून त्यांच्या दारात गेले की चहा तयार असायचा. माझ्याबरोबर गुडघ्यावर यायच्या, वचन समजावून सांगायच्या. बायबल वाचायला मी खऱ्या अर्थाने त्यांच्याकडूनच शिकले. पुढे त्या माझ्या मेंटॉर झाल्या. दर रविवारी उपासनेनंतर मी त्यांना आठवड्याचा हिशेब देते: किती वेळ प्रार्थना केली, कुठे गेले, फोनवर कोणाशी बोलले.

माझा जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालाय. तामिळनाडूत वेल्लोरला नर्सिंगच्याच दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बीएस्सीसाठी अर्ज करायचा आहे, मुदत या महिनाअखेरीस संपते. ताई म्हणतात, ‘मी प्रार्थना केली, मला शांती मिळाली नाही. माझ्या आध्यात्मिक आवरणाखालून बाहेर गेलीस तर सैतानाला दार उघडं होईल.’ इब्री १३:१७ दाखवतात. ग्रुपमधल्या बहिणी म्हणतात, अवज्ञा म्हणजे जादूगिरी, आणि अभिषिक्तांना हात लावू नये. मागे एकदा मी ताईंना विश्वासाने सांगितलेली माझी एक खाजगी गोष्ट ग्रुपमध्ये ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून निघाली. तेव्हापासून मन खट्टू आहे. आईला विचारलं तर ती म्हणते, तुझं तू बघ.

त्यांचं न ऐकता गेले तर देवाची आज्ञा मोडल्यासारखं होईल का? आणि त्यांचे उपकार विसरल्यासारखं?

— एक वाचक, पुणे

प्रिय मुली, सलाम.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. पत्र दोनदा वाचल्यावर वाटलं, तुझी झोप उडवली आहे ती याच प्रश्नाने. वेल्लोरला जायचं तुझ्या मनाने जवळजवळ ठरवलेलं आहे. पाय अडतोय तो त्या चहाच्या कपापाशी.

तो चहा खरा होता. रात्रभर वॉर्डात उभी राहून आलेल्या, बाप गमावलेल्या पोरीसाठी पहाटे उठून कोणी स्टोव्ह पेटवतं, यात कसलाही डाव नसतो. पुढे जे घडलं त्यामुळे ताईंचं ते प्रेम आज खोटं ठरवू नकोस. रागाच्या भरात आपण मागचं सगळं पुसून टाकतो आणि मग आपलीच चार वर्षं रिकामी होऊन बसतात. त्यांचं ऋण जन्मभर मान. पण ऋणापोटी स्वतःला गहाण टाकू नकोस. पौलाने करिंथच्या मंडळीला (१ करिंथ ७:२३) हेच बजावलं आहे: तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात, माणसांचे दास होऊ नका. तुझं मोल ज्याने दिलं त्याने ताईंना तुझ्याकडे पाठवलं. पाठवलेल्या माणसाचे आभार मानायचे असतात, मालकी द्यायची नसते.

आता पहिला प्रश्न. नाही, वेल्लोरला जाणं ही देवाची आज्ञा मोडणं नाही. शिक्षण घेऊन रुग्णांची सेवा अधिक चांगली करायची, यात पाप कोणतं? ताईंनाही ते सांगता आलेलं नाही. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की त्यांना शांती मिळाली नाही.

तुझ्यापुढे जी वचनं ठेवली जातात ती तू स्वतः उघडून, मागची पुढची ओळ धरून वाच. ‘अवज्ञा जादूगिरीसारखी’ हे वाक्य १ शमुवेल १५ मध्ये आहे. शमुवेल ते शौलाला म्हणतो, म्हणजे सत्तेवर बसलेल्या राजाला. आणि अवज्ञा झालेली असते ती परमेश्वराच्या स्पष्ट आज्ञेची. थोरल्या बहिणीचा सल्ला धाकटीने मानला नाही, अशी ती गोष्टच नाही. ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे स्तोत्र १०५ मध्ये येतं. अब्राहाम, इसहाक, याकोब परमुलखात उपरे म्हणून, मूठभर माणसं घेऊन फिरत होते, तेव्हा देवाने तिथल्या राजांना दिलेली ती तंबी आहे. दुबळ्यांना बळवंतांपासून वाचवण्यासाठी उच्चारलेले शब्द आज दुबळ्यालाच गप्प करण्यासाठी वापरले जातात, याचं मला मनापासून दुःख होतं.

इब्री १३:१७ मात्र नीट विचार करून वाचावं असं आहे, ते झटकून टाकू नकोस. आपल्या अधिकाऱ्यांचं ऐका, ते तुमच्या जिवांची राखण करतात, असं तिथे म्हटलंय खरं. मूळ ग्रीक शब्दाला समजूत पटण्याची छटा आहे: मन वळू द्या, ताठर राहू नका. त्याच वाक्यात त्या अधिकाऱ्यांना हिशेब द्यायचा आहे, असंही लिहिलंय. हिशेब देणारे ते आहेत. तू दर रविवारी देतेस तो हिशेब या वचनातून आलेला नाही. शिवाय हे वचन मंडळीच्या पुढाऱ्यांविषयी आहे. एकेका विश्वासणाऱ्यावर एकेक माणूस नेमून त्याच्या परवानगीने शाळा, नोकरी, सोयरीक ठरवावी, अशी व्यवस्था नव्या करारात मला कुठेच सापडलेली नाही.

अशी व्यवस्था उभी करून पाहिली गेली होती, ती मात्र अलीकडच्या काळात. १९७० च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथे पाच नावाजलेले बायबलशिक्षक एकत्र आले: बॉब ममफर्ड, डेरेक प्रिन्स, चार्ल्स सिम्पसन, डॉन बॅशम आणि अर्न बॅक्स्टर. हेतू वाईट नव्हता. नव्याने विश्वासात आलेली तरुण मुलं भरकटत होती, त्यांना कोणीतरी धरून ठेवावं अशी कळकळ होती. म्हणून प्रत्येकाला एक व्यक्तिगत ‘मेंढपाळ’ हवा आणि त्याच्या अधीन राहायला हवं, अशी शिकवण सुरू झाली. ताईंच्या तोंडी असलेला ‘आवरण’ हा शब्द तिथे फार चालायचा. हळूहळू घर, नोकरी, लग्न सगळं मेंढपाळाला विचारून होऊ लागलं. कित्येकांची मनं मोडली. १९७५ मध्ये यावरून मोठा वाद पेटला, पुढे डेरेक प्रिन्स वेगळे झाले, आणि १९९० च्या सुमारास बॉब ममफर्ड यांनी झालेल्या चुकांबद्दल जाहीर पश्चात्ताप केला. मोठ्या माणसाने सर्वांसमोर ‘आम्ही चुकलो’ म्हणणं सोपं नसतं, त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. ताईंना हा इतिहास बहुधा ठाऊक नसेल. शब्द फिरत फिरत आपल्यापर्यंत येतात, त्यांच्यामागची जखम येत नाही.

पण तुला खरी सोबत होईल अशी बाई आपल्याच मातीतली आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ज्या मठात त्या उतरल्या, त्या मठाच्या सिस्टर पुण्यात पंचहौदाला काम करत, ओळख तिथलीच. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. परक्या मुलखात एकटी विधवा, कडेवर पोर, आणि बरोबर आलेल्या मैत्रिणीचा तिथेच दुर्दैवी मृत्यू झालेला. अशा वेळी ज्या सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांना आधार दिला, त्या त्यांच्या आध्यात्मिक आईच झाल्या. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. म्हणजे चहाचा कप तिथेही होता.

दीड-दोन वर्षांत खटके उडू लागले. त्रैक्याविषयी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीविषयी, रमाबाईंना प्रश्न पडत होते. त्यांनी मुलग्यांना शिकवावं की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली होती. जेराल्डिन यांना वाटे, नव्या विश्वासणारीने मंडळीचा शब्द नम्रपणे मानावा. त्यावर मे १८८५ मध्ये रमाबाईंनी आजीबाईंना जे लिहिलं त्याचा आशय असा: हिंदुस्थानातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता पाद्री सांगतील ते सगळं परमेश्वराचीच आज्ञा म्हणून स्वीकारून तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. मला सदसद्विवेक आहे, बुद्धी आहे.

ज्यांच्या घरचं अन्न खाल्लं त्यांना हे लिहायचं. रमाबाईंचा हात कापला असेल की नाही कोण जाणे. मी तुझ्या वयाची असते तर माझा कापला असता.

यानंतर काय झालं ते मला फार मोलाचं वाटतं. नातं तुटलं नाही. पत्रं चालू राहिली, कधी कडू, कधी लाघवी. जेराल्डिन यांनी ती सगळी जपून ठेवली, स्वतःला दुखावणारीसुद्धा, म्हणून तर ती आज आपल्याला वाचायला मिळतात. रमाबाई पुढे अमेरिकेला गेल्या, मायदेशी परतल्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता. तो त्यांना भेटला तेव्हा जवळ कोणी हिशेब विचारणारं नव्हतं. वाँटेजला कोणी कितीही रेटा लावला असता तरी ती घडी आधी आली नसती. जिने माणसांचं जोखड नाकारलं तिनेच नंतर मूळ हिब्रू आणि ग्रीक धरून संबंध बायबल मराठीत आणलं. केडगाव पुण्यापासून लांब नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी रेल्वेने तिथल्या, रमाबाईंनी उभारलेल्या मुक्तिसदनाला जाऊन ये.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातं, पण ताईंच्या मनात काय चाललं असेल ते तुला त्यातून कळेल.

माझ्याकडे एक मुलगी यायची. हुशार, गाता गळा, वचनाची भूक असलेली. मी तिला पाच वर्षं शिकवलं. ती प्रत्येक गोष्ट मला विचारायची आणि मला ते आवडायचं. आवडता आवडता त्याची सवय झाली. तिने मला न विचारता दुसऱ्या गावच्या मंडळीतलं स्थळ पसंत केलं, तेव्हा मी तिला म्हटलं की मला शांती वाटत नाही. मी खोटं बोलत नव्हते, शांती खरंच वाटत नव्हती. ती कशामुळे वाटत नव्हती, ते मी देवाला विचारलं नाही, एवढीच चूक. ती दूर जाणार होती म्हणून माझा जीव कासावीस होत होता आणि त्याला मी देवाचा आवाज समजत होते. तिच्या लग्नाला मी गेले, पण तोंड मिटून बसले. पुढे तीन वर्षं आम्ही बोललो नाही. शेवटी मीच तिच्या दारात जाऊन माफी मागितली. तिने लगेच माफ केलं. मला स्वतःला माफ करायला जास्त वेळ लागला.

आणि मला तर शिकवणारी माणसं चांगली लाभली होती. आमच्या गावात, नगरकडे, एक म्हाताऱ्या बायबलबाई होत्या. नऊवारी, हातात कापडात गुंडाळलेलं पुस्तक, घरोघर फिरायच्या. मी काही विचारायला गेले की आधी म्हणायच्या, ‘हे तू त्याला विचारलंस का? आधी विचार, मग मला येऊन सांग तो काय म्हणाला.’ मला राग यायचा. वाटायचं, यांना उत्तर येत नाही. एली याजकाने लहानग्या शमुवेलाला हेच तर शिकवलं. तीनदा पोरगं धावत त्याच्याकडे आलं, तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं की हाक आपली नव्हे, आणि त्याने त्याला परत पाठवलं. पुढे जो निरोप आला तो एलीच्याच घराण्याच्या नाशाचा होता. तोही त्याने ऐकून घेतला. बाईंनी मला जे दिलं होतं ते मी त्या मुलीला दिलं नाही.

म्हणून ताईंना एकदम वाईट ठरवू नकोस, आणि त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायच्या आधी उठूनही जाऊ नकोस. त्यांना विचार: ‘शांती मिळाली नाही म्हणजे नेमकं काय वाटलं, ताई?’ कदाचित त्या असं काही सांगतील जे तुला दिसलेलं नाही. पप्पांच्या दुःखापासून तू पळते आहेस, असं त्यांना वाटत असेल. पैशाची सोय, आईचं एकटेपण, यातलं काही असेल. कारण सांगितलं तर त्याचा मनापासून विचार कर. कारण नसेल, फक्त ‘आवरण’ असेल, तर प्रेषितांची कृत्ये २१ आठव. सोरेच्या शिष्यांनी आत्म्याच्या प्रेरणेने पौलाला यरुशलेमेस जाऊ नको म्हटलं. अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधून दाखवले. सगळे रडले. पौलाने सगळ्यांचं ऐकलं आणि तो गेला. मंडळीने काय केलं? ‘प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणून ते गप्प राहिले, आणि त्यातले काही त्याला सोबत करायला निघाले. त्याला बंडखोर कोणी म्हटलं नाही.

भेटायला जाशील तर समोरासमोर भेट, व्हॉट्सॲपवर हा विषय काढू नकोस. ग्रुप जमायच्या दिवशी नको, एकट्या असतील तेव्हा जा. आधी त्या चहाबद्दल आभार मान, शब्दांत, नाव घेऊन, पप्पांच्या त्या दिवसांची आठवण काढून. मग सांग की तू अर्ज केला आहेस. ‘करू का?’ असं विचारलंस तर तू पुन्हा परवानगी मागायला बसलीस, आणि नकार आला की वाट बंद. म्हणून अर्ज आधी भर. त्यांच्याकडे मागायचे ते आशीर्वाद.

खाजगी गोष्टीचंही तेव्हाच बोल. मत्तय १८:१५ नुसार हे तुमच्या दोघींमध्येच व्हायला हवं. ‘ताई, मी ते तुम्हाला सांगितलं होतं, ग्रुपला नाही. मला फार लागलं.’ एवढंच. त्यांनी चूक कबूल केली तर विषय तिथेच संपव. उलट तुलाच अपराधी ठरवलं, किंवा तुझं आणखी काही बाहेर काढण्याचा धाक दाखवला, तर मात्र हे तुमच्या दोघींपुरतं ठेवू नकोस. पाळकसाहेबांना सांग, त्यांच्या पत्नी बरोबर असतील तेव्हा. काहीही झालं तरी ग्रुपमध्ये ताईंविषयी एक शब्दही बोलू नकोस. तुझी गोष्ट जशी चारचौघांत गेली तशी त्यांची जायला नको.

रविवारचा हिशेब आजपासून बंद कर. चार दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटेल, वाटू दे. कोणाशी फोनवर बोललीस हे सांगण्याने कोणी येशूच्या जास्त जवळ जात नाही.

आणि एक विनंती. या अनुभवाने पोळून, आता मला कोणी नको, असं म्हणू नकोस. वेल्लोरला गेल्यावर कोणीतरी वडीलधारी बाई शोध. वर्गात शिकवणारी असेल, वॉर्डातली जुनी सिस्टर असेल, मंडळीत मागच्या बाकावर बसणारी एखादी आजी असेल. भाषा वेगळी असली तरी चालेल. ती स्वतः कोणाचं ऐकते का, तेवढं बघ. तिला ‘तुम्ही चुकलात’ असं म्हणता येतं का, तेही बघ. अपुल्लोस मोठा वक्ता, पण अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांनी त्याला घरी नेऊन बाजूला घेऊन समजावलं, चारचौघांत नाही. आणि त्याला अखया प्रांतात जायचं होतं तेव्हा बंधुजनांनी त्याच्या हातात शिफारसपत्र दिलं. मला बर्णबाही फार जवळचा वाटतो. पौलाला तेव्हा शौल म्हणत; सगळे त्या शौलाला भीत होते तेव्हा तो त्याला हाताला धरून प्रेषितांकडे घेऊन गेला, पुढे तार्सापर्यंत जाऊन त्याला शोधून आणलं. आणि काही काळाने ‘बर्णबा व शौल’ अशी येणारी नावं ‘पौल व बर्णबा’ अशी येऊ लागली. बर्णबाने त्याबद्दल तक्रार केल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

शेवटी आईविषयी. तुझ्या एवढ्या लांब पत्रात ती एकदाच येते, तीही ‘तुझं तू बघ’ म्हणत. पप्पा गेले तेव्हा तिचाही नवरा गेला होता, आणि त्या चार वर्षांत तू दर रविवारी आठवड्याचं सगळं दुसऱ्या कोणाला सांगत होतीस. तिच्या त्या तीन शब्दांत मला राग ऐकू येत नाही, बाजूला पडल्याचं दुःख ऐकू येतं. तीमथ्याला शिकवणारा पौल फार मोठा, पण त्याच पौलाने त्याला लिहिलं की तुझ्यातला विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता.

अर्ज या आठवड्यात भर. ताईंना पुढच्या आठवड्यात भेट. आईला आज रात्री ड्यूटीवर जायच्या आधी फोन लाव, आणि वेल्लोरचा विषय काढायच्या आधी विचार, ती कशी आहे.

तुझी,
मावशी